पायाखालची नावं: श्टोल्परश्टाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिन, हँबुर्ग, कोलोन किंवा जर्मनीतल्या एखाद्या लहान गावात राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच फुटपाथवर तळहाताएवढा पितळी चौकोन दिसतो. त्यावर एक नाव, दोन-तीन सालं आणि एखाद्या छावणीचा उल्लेख असतो. हा श्टोल्परश्टाइन, म्हणजे नाझींच्या छळाला बळी पडलेल्या माणसाच्या घरासमोर बसवलेला स्मृतिदगड. त्यानंतर पडणारे प्रश्न साधारण सारखेच असतात.

हा दगड नेमका कशाचा असतो?

सुमारे १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा काँक्रीटचा ठोकळा, आणि त्याच्या माथ्यावर ९६ मिलिमीटर चौरस पितळी पत्रा. पत्र्याच्या कडा खाली दुमडून काँक्रीटमध्ये रुतवलेल्या असतात. त्यामुळे पत्रा नुसता उचकटून निघत नाही, चोराला अख्खा ठोकळा उपसावा लागतो. प्रत्येक अक्षर पोलादी ठशावर हातोडी मारून उमटवलेलं असतं. २००५ पासून हे काम मिखाएल फ्रीडरिख्स-फ्रीडलेंडर या शिल्पकाराने बर्लिनमध्ये चालवलं. यंत्रावर शेकडो दगड झटपट निघाले असते, पण ज्यांची हत्या कारखान्याच्या शिस्तीने झाली त्यांची नावं पुन्हा कारखान्यातून काढायची नाहीत, हा त्यामागचा विचार.

जर्मन शब्दाचा अर्थ ठेच लागेल असा दगड. प्रत्यक्षात तो फुटपाथच्या पातळीत बसवलेला असतो. पायाला खरोखर ठेच लागली, तर बसवणाऱ्याचं काम चुकलं असं समजावं.

हे कोणी आणि कधी सुरू केलं?

गुंटर डेम्निग या कलाकाराने. मे १९४० मध्ये कोलोनमधल्या सिंती आणि रोमा या अल्पसंख्य समाजांच्या लोकांना ज्या रस्त्याने हद्दपारीच्या गाडीकडे नेलं, त्या रस्त्यावर त्यांनी १९९० साली रंगाची अक्षरं उमटवली होती. १६ डिसेंबर १९९२ रोजी त्यांनी कोलोनच्या नगरभवनासमोर पहिला दगड बसवला. सिंती आणि रोमांना छावणीत पाठवण्याच्या, एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याच्या आदेशाला त्या दिवशी ५० वर्षं होत होती आणि दगडावर त्या आदेशाच्याच पहिल्या ओळी होत्या. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात बसवलेल्या दगडांना पालिकेची परवानगी नव्हती. रीतसर परवानगीने पहिले दगड १९९७ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ लागले. मे २०२३ मध्ये न्यूरेनबर्गला १,००,०००वा दगड बसला.

दगड फक्त ज्यूंसाठीच असतात का?

बहुसंख्य दगड ज्यूंचे आहेत, कारण मारले गेलेले बहुसंख्य तेच होते. पण सिंती आणि रोमा, ‘उपचार’ म्हणून मारून टाकलेले अपंग आणि मनोरुग्ण, समलिंगी पुरुष, ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे लोक, राजकीय कैदी, सैन्यातून पळालेले जवान यांचेही दगड आहेत. जिवंत राहिलेल्यांचेही असतात. आई-वडील मारले गेले आणि मुलगी इंग्लंडला पोचून वाचली, तर तिन्ही दगड शेजारी-शेजारी बसवतात, म्हणजे ताटातूट झालेलं कुटुंब निदान दारात तरी एकत्र येतं.

रोमांबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. त्यांची रोमानी भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात आणि कानाला ‘कान’.

दगडावरचा मजकूर कसा वाचायचा?

सुरुवात बहुतेक वेळा ‘हीअर वोन्ते’ या शब्दांनी होते, म्हणजे ‘इथे राहत होते’ किंवा ‘राहत होती’. खाली नाव. ‘गेब.’ म्हणजे माहेरचं आडनाव, ‘यगं.’ म्हणजे जन्मसाल. ‘डेपोर्टीर्ट’ म्हणजे हद्दपार केलं. त्यापुढे साल आणि ठिकाण येतं. ‘एरमोर्डेट’ म्हणजे खून केला. इथे ‘मरण पावले’ असं मुद्दामच लिहीत नाहीत.

काही शब्दांपाशी थांबावं लागतं. ‘फ्लुख्त इन डेन टोड’ म्हणजे मृत्यूकडे पलायन. हद्दपारीची नोटीस हातात पडल्यावर ज्यांनी स्वतःला संपवलं त्यांच्या दगडावर हे असतं, कारण त्याला साधी आत्महत्या म्हणणं म्हणजे मारणाऱ्याला सोडून देणं. ‘फ्लुख्त’ एवढंच असेल तर देश सोडून पळाले. ‘युबरलेब्ट’ म्हणजे वाचले. ‘शिकझाल उनबेकान्ट’ म्हणजे पुढे काय झालं ते कळलं नाही.

थेरेझिएनश्टाट या छावणीच्या नावाखाली दुसरं ठिकाण दिसलं, उदाहरणार्थ ट्रेब्लिंका किंवा आउश्वित्झ या मृत्यूछावण्या, तर ती दुसरी हद्दपारी. वृद्धांना थेरेझिएनश्टाट हा वृद्धाश्रम आहे असं सांगून पाठवलं जायचं, आणि तिथून हजारोंना पुढच्या गाडीत चढवलं गेलं.

नावावर पाय पडतो, हे चालतं का? पाय लागला तर नमस्कार करावा का?

पुस्तकाला पाय लागला तरी हात कपाळाला नेणाऱ्या आपल्या लोकांना हे खटकणारच. खुद्द जर्मनीतही यावर मोठा वाद आहे. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी त्या छळातून वाचल्या. मारले गेलेले लोक पुन्हा पायाखाली यावेत हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या विरोधाला मान देऊन म्युनिक पालिकेने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये सार्वजनिक जागेवर हे दगड नाकारले. २०१८ पासून तिथे भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर पाट्या किंवा शेजारी खांब लावतात. खासगी जागेत मात्र म्युनिकमध्येही दगड आहेत.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की वाचायला माणसाला वाकावं लागतं, आणि पायाच्या घर्षणाने पितळ चकचकीत राहतं. त्यातल्या वाकण्याच्या मुद्द्यात तथ्य वाटतं. चकाकीचा मुद्दा मात्र वर्दळीच्या रस्त्यापुरताच खरा आहे. गल्लीतले दगड दोन हिवाळ्यांत काळे पडतात.

नमस्कार केलात तर कोणी हरकत घेणार नाही. चुकून पाय पडला तर अपमान झाला असं तिथे कोणी धरत नाही. मुद्दाम त्यावर उभं राहून फोटो मात्र काढू नका.

दगड कसा साफ करायचा? चिंच-मीठ किंवा पितांबरी चालेल का?

कोणीही साफ करू शकतं, परवानगी लागत नाही. फक्त देवघरातल्या समईची पद्धत इथे लावू नका. चिंच आणि लिंबू आम्ल आहेत. त्यात मीठ मिसळलं की ते पितळातलं जस्त खातं आणि पत्र्यावर तांबूस डाग उरतात. घरी भांडं नळाखाली भरपूर धुता येतं. फुटपाथवर ते शक्य नसतं, म्हणून उरलेलं आम्ल फटीत जिरतं आणि दगड आधीपेक्षा लवकर काळवंडतो. कोणत्याही पावडरचे कण ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत अडकून पांढरे दिसतात. तारेची घासणी तर नकोच, तिचे ओरखडे कायमचे राहतात आणि त्यात मळ बसतो.

घरगुती वस्तूंच्या दुकानात मिळणारं पितळासाठीचं द्रव किंवा मलमासारखं पॉलिश घ्या. आधी ब्रशने माती आणि वाळू झाडा, नाहीतर तीच वाळू पत्रा खरवडते. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. चमचाभराहून कमी पॉलिश स्पंजवर घेऊन पत्र्यावर पसरा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि गोल फिरवत घासा. काळा राप निघतो, तो जुन्या सुती कापडाने पुसा. फार जुना राप असेल तर हेच दुसऱ्यांदा करा. शेवटी ओलं फडकं, मग कोरडं. एका दगडाला दहा मिनिटं पुरतात. पॉलिश शेजारच्या सच्छिद्र फरशीवर सांडलं की काळा डाग पडतो, म्हणून मध्ये चौकोन कापलेला पुठ्ठा भोवती ठेवावा. गुडघ्याखाली उशी किंवा जुनी चटई आणि हातमोजे घेतले तर सलग सात-आठ दगड होतात.

हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि पितळाचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये एकदा साफ करणं फायद्याचं. बाकी लोक बहुधा ९ नोव्हेंबर आणि २७ जानेवारीच्या आसपास बाहेर पडतात. १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, आणि २७ जानेवारी १९४५ ला आउश्वित्झ मुक्त झालं. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही दुसरी तारीख जागतिक स्मृतिदिन म्हणून ठरवली.

फुलं वाहायची का?

पांढरा गुलाब आणि काचेतली मेणबत्ती ही तिथली रीत. उघडी मेणबत्ती ठेवू नका, मेण अक्षरांत बसतं. ज्यू परंपरेत कबरीवर फुलांऐवजी लहान खडा ठेवतात, तोही चालतो. हळद-कुंकू आणि उदबत्ती नको.

नवा दगड बसवायचा असेल तर काय करावं लागतं?

आधी तो आहे का ते पाहा. शहरांच्या याद्या ऑनलाइन आहेत, पत्त्यावरून शोधता येतं. मग जवळपास प्रत्येक शहरात असलेल्या स्थानिक गटाशी बोला, कारण अर्ज, पालिका आणि तारीख हे सगळं त्यांच्याच हातातून जातं. एकट्याने थेट सुरुवात करणारे बहुधा परवानगीपाशी अडकतात.

जागा ठरवण्याचा नियम म्हणजे त्या व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने निवडलेलं शेवटचं घर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हद्दपारीच्या यादीतला पत्ता बरेचदा ‘यूडनहाउस’चा असतो. एप्रिल १९३९ च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण काढून घेतलं आणि त्यांना ठरावीक घरांत एकेका खोलीत कोंबलं. त्या पत्त्यावर दगड बसवला तर आपण गुन्हेगारांनीच ठरवलेला पत्ता कायम करतो. म्हणून त्याआधीच्या वर्षांची शहराची पत्तापुस्तकं चाळावी लागतात. आणखी एक अडचण म्हणजे बॉम्बवर्षावानंतर बऱ्याच रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलले. आजचा १७ नंबर म्हणजे तेव्हाचा १७ नंबर असेलच असं नाही.

मग नातेवाइकांचा शोध. ते मिळाले तर त्यांची संमती हवीच, आणि ते नको म्हणाले तर विषय तिथे संपतो. मजकूर डेम्निग यांच्या चमूकडे जातो. तिथे तो तपासून छोटा केला जातो, कारण पत्र्यावर मोजक्याच ओळी बसतात. ‘प्रेमळ आई’, ‘नामवंत वकील’ असलं काही त्यावर येत नाही. फुटपाथ सार्वजनिक असल्याने परवानगी पालिकेची असते आणि बसल्यावर दगडाची मालकीही तिच्याकडे जाते.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं. जुन्या फरश्या काढून साधारण १५ सेंटिमीटर खोल खड्डा, तळाशी वाळू किंवा खडी, त्यावर दगड, भोवती वाळू-सिमेंटचं कोरडं मिश्रण, मग पाणी, आणि रबरी हातोडीने पातळी. दगड दोन-तीन मिलिमीटर खाली गेला तर पाणी साचतं आणि पितळ काळं पडतं. वर राहिला तर बर्फ काढणाऱ्या यंत्राचं पातं त्याची कड पकडतं. इमारतीत आज राहणाऱ्यांना आठवडाभर आधी पत्रपेटीत चिठ्ठी टाकावी. आपल्या घरात कोण राहत होतं हे त्यांना त्याच दिवशी गर्दी बघून कळू नये.

मागणी इतकी आहे की मोठ्या शहरांत काही महिने, बर्लिनमध्ये काही वर्षंही थांबावं लागतं.

खर्च किती?

जर्मनीत एका दगडाची रक्कम बरीच वर्षं १२० युरो राहिली. त्यात दगड घडवणं आणि बसवणं आलं. अर्ज करताना चालू दर स्थानिक गटाकडून घ्यावा. कुटुंबातल्या पाच जणांसाठी शाळेचा वर्ग, इमारतीतले रहिवासी किंवा एखादी संस्था मिळून वर्गणी काढते. नातेवाइकांकडून पैसे मागण्याची पद्धत नाही.

माहिती कुठून काढायची? पुण्यात बसून जमेल का?

बरंचसं जमेल. जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचं स्मृतिपुस्तक ऑनलाइन आहे. त्यात जर्मनीतल्या ज्यू बळींची नावं, जन्मतारीख, हद्दपारीची तारीख आणि ठिकाण मिळतं. बाड आरोल्झेन इथल्या आरोल्झेन अभिलेखागारात ३ कोटींहून अधिक कागदपत्रं आहेत, आणि त्यातली बहुतेक घरबसल्या पाहता येतात. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेकडे ‘साक्षीची पानं’ आहेत, म्हणजे वाचलेल्या नातलगांनी किंवा ओळखीच्यांनी भरून दिलेले फॉर्म. जिवंत वंशज कुठे आहेत याचा पहिला धागा बहुधा तिथेच सापडतो, कारण फॉर्म भरणाऱ्याचं नाव आणि नातं खाली असतं.

बर्लिनच्या माणसांसाठी पोट्सडामच्या प्रादेशिक अभिलेखागारातली मालमत्तेची फाइल महत्त्वाची. हद्दपारीआधी प्रत्येकाला १६ पानी फॉर्म भरावा लागे. खुर्च्या किती, चमचे किती, अंगरखे किती. सरकारला ते सगळं विकायचं होतं. एवढ्या बारीक नोंदी ठेवणारं राज्य त्याच माणसांबद्दल ‘पूर्वेकडे स्थलांतर’ असं लिहितं. कागदपत्रातले ‘स्थलांतरित’ आणि ‘पत्ता न देता निघून गेले’ हे शब्द जसेच्या तसे भाषांतरित करू नका.

आणखी तीन सापळे आहेत. पहिला नावाचा. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव सक्तीने लावावं लागलं. कागदावर ‘मार्था सारा’ दिसलं म्हणून दगडावर सारा घातलं, तर आपण नाझींचा शिक्काच पुन्हा मारतो.

दुसरा मृत्यूच्या तारखेचा. युद्धानंतर वारसाहक्कासाठी न्यायालयांनी बेपत्ता लोकांना मृत जाहीर केलं आणि अनेकांना ८ मे १९४५ ही तारीख दिली. ती कायद्याची तारीख आहे, मृत्यूची नाही. आउश्वित्झला उतरताच ज्यांना गॅसकक्षात नेलं त्यांची तिथे नोंदच झाली नाही, म्हणून दगडावर नुसतं साल असतं. उलट काही वेळा दिवस पक्का कळतो. २७ नोव्हेंबर १९४१ ला बर्लिनहून रिगाला निघालेल्या गाडीतल्या सुमारे एक हजार लोकांना ३० तारखेला सकाळी रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या. त्या गाडीच्या यादीत नाव असेल तर तारीख लिहिता येते.

तिसरा हस्ताक्षराचा. जुनी जर्मन वळणदार लिपी आज बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही. अंदाज बांधू नका, वाचणारा शोधा.

‘मारलेल्या ज्यूंचा ६० लाख हा आकडा फुगवलेला आहे’ असं कोणी म्हणालं तर काय उत्तर द्यावं?

वाद घालण्यापेक्षा मारणाऱ्यांचेच कागद पुढे ठेवा. एसएस अधिकारी कार्ल येगरने १ डिसेंबर १९४१ च्या अहवालात, मुख्यतः लिथुआनियात, आपल्या तुकडीने मारलेल्यांचा आकडा १,३७,३४६ दिला आहे. गावागावानुसार, तारखेनुसार, पुरुष, स्त्रिया, मुलं वेगवेगळी मोजून. ११ जानेवारी १९४३ ची एसएस अधिकारी हेरमान ह्योफ्लेची तार १९४२ अखेर बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका आणि लुब्लिन या चार छावण्यांत आणलेल्यांची संख्या १२,७४,१६६ सांगते. ही तार ब्रिटिशांनी युद्धातच पकडली होती, पण तिचा अर्थ २००० च्या सुमारास लक्षात आला. या दोन कागदांतच १४ लाखांच्या वर माणसं झाली. युद्धापूर्वीच्या आणि नंतरच्या जनगणना, गाड्यांच्या याद्या आणि छावण्यांचे कागद देशानुसार जोडत इतिहासकार ६० लाखांपर्यंत पोचले आहेत.

जर्मनीत होलोकॉस्ट, म्हणजे हा ज्यूंचा संहार, जाहीरपणे नाकारणं हा दंडसंहितेच्या कलम १३० खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड’ म्हणून ढकललेला मजकूरही यात अडकू शकतो, हे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवावं.

इस्रायलवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष का?

नाही. इतर कोणत्याही सरकारवर करतो तशी टीका इस्रायलच्या सरकारवर, त्याच्या युद्धांवर आणि धोरणांवर करता येते. स्वतः इस्रायली लोक ती रोज करतात. ‘होलोकॉस्ट स्मरण आघाडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१६ ची व्याख्या हेच सांगते. त्या व्याख्येतल्या उदाहरणांवर अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असोत. व्यवहारात ओळखायची खूण सोपी आहे. बर्लिनच्या शाळेतल्या ज्यू मुलीला गाझाचा जाब विचारला, सिनेगॉगच्या दारावर घोषणा रंगवल्या, ‘बँका आणि माध्यमं त्यांच्याच हातात’ असं म्हटलं, तर तो ज्यूद्वेष. शेवटचं विधान तर फार जुनं आहे. १९०३ मध्ये रशियात छापलेल्या ‘प्रोटोकॉल्स’ या बनावट मजकुरातून ते जगभर पसरलं. तो चोरून जुळवलेला आहे हे १९२१ मध्येच लंडनच्या ‘टाइम्स’ने ओळीला ओळ लावून दाखवलं होतं. तरी तो आजही फिरतो, फक्त चित्रं नवी असतात.

डोळ्यांसमोर ज्यूद्वेषाचा प्रकार घडला तर?

ट्राममध्ये कोणी किप्पा (ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी) घातलेल्या माणसाला शिव्या देत असेल तर आधी त्या माणसाशी बोला, हल्लेखोराशी नाही. शेजारी जाऊन उभं राहा, ‘पुढच्या थांब्यावर माझ्याबरोबर उतरता का’ विचारा. दुसऱ्या प्रवाशाला बोट दाखवून मदत मागा. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटलं की कोणीच करत नाही. मारहाणीची शक्यता असेल तर पोलिसांना ११० वर फोन करा. हल्लेखोराचे कपडे, ट्रामचा क्रमांक, वेळ लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून नाव द्यायला व्हिसाची भीती वाटू देऊ नका, साक्ष दिल्याने व्हिसावर काही परिणाम होत नाही.

पोलिसांकडे जाण्याइतकं मोठं नसेल तरी ज्यूद्वेषाच्या घटना नोंदवणाऱ्या ‘रिआस’ या केंद्राकडे ऑनलाइन कळवा. ते साक्षीदारांकडूनही नोंद घेतात आणि पीडिताला सल्ला कुठे मिळेल ते सांगतात. इंटरनेटवरचं असेल तर मजकूर, पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या, मग तक्रार करा. उलट क्रम केला की पोस्ट उडते आणि पुरावाही. आणि ‘बघा किती वाईट’ म्हणत ती स्वतःच पुढे पाठवू नका.

महाराष्ट्रात अशी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली, म्हणजे समाजगटांत वैर पसरवण्याच्या गुन्ह्याखाली करता येते. राज्याने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे.

महाराष्ट्राचा आणि गोव्याचा याच्याशी काय संबंध?

जितका आहे तितकाच सांगावा. कोकणातले बेने इस्रायली ज्यू मराठी बोलतात, मलिदा या त्यांच्या विधीला गोड पोहे करतात. किहिमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. गावाने त्यांना छळल्याचा इतिहास नाही, आणि हे अभिमानाने सांगितलं जातं. पण गोव्यात १५६० पासून पोर्तुगीज इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. औषधी वनस्पतींवर ‘कोलोक्विउश’ हा ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता मेल्यावर, १५८० मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो छुपा ज्यू ठरला. त्याच्या बहिणीला त्याआधीच, १५६९ मध्ये जिवंत जाळलं होतं. पणजीच्या बागेला त्याचं नाव आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला तो ते ज्यू केंद्र होतं म्हणूनच.

दगडावर ‘फ्लुख्त’च्या पुढे ‘इंडियन’ (जर्मनमध्ये भारत) दिसलं तर पुढचा शोध इकडे घ्यावा लागतो. मुंबईत १९३४ पासून निर्वासितांना मदत करणारी ज्यू संस्था होती. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्टवाले म्हणून ज्यू निर्वासितांनाही पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. चौकशीनंतर पुष्कळजण सुटले, काही कुटुंबं पुढे पुरंदरवर होती.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी मात्र या यादीत घालू नका. तिथले सुमारे ५,००० पोलिश लोक बहुतेक कॅथलिक होते आणि स्टालिनने सायबेरियाकडे हाकललेले होते. दरवर्षी जानेवारीत ‘वळिवड्याने होलोकॉस्टमधून वाचवलं’ अशा पोस्ट फिरतात. हेतू चांगला असतो, पण अशा एका चुकीच्या उदाहरणावर बोट ठेवून नाकारणारे बाकी सगळं खोटं ठरवतात.

‘आमचे सर म्हणजे हिटलर’ असं आपण सहज म्हणतो. त्यात काय बिघडलं?

म्हणणाऱ्याच्या मनात ज्यूद्वेष नसतो, हे खरं. अडचण त्यापुढच्या ‘शिस्त मात्र होती हां’ या वाक्याची आहे. त्यावर भाषण न देता एवढं विचारा: त्या शिस्तीत आपल्या घरातल्या गतिमंद मुलाचं काय झालं असतं? १९४० आणि १९४१ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या सहा संस्थांमध्ये ७०,००० हून अधिक अपंग आणि मनोरुग्ण गॅसने मारले गेले. त्यातले बहुतेक जर्मनच होते.

दारात स्वस्तिक काढलं तर अडचण येते का?

नाझींचं स्वस्तिकासारखं चिन्ह, हाकेनक्रॉइत्स, दाखवणं जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक हे ते चिन्ह नाही, आणि देवघरात, मंदिरात, पूजेत ते असायला हरकत नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. समोरच्या फुटपाथवर तीन पितळी दगड असतील आणि त्यांच्या शेजारी दिवाळीच्या रांगोळीत स्वस्तिक असेल, तर पोलिस येणार आणि तुम्ही समजावत बसणार. बाहेरच्या दारात कमळ किंवा लक्ष्मीची पावलं काढा. नव्या गाडीची पूजा झाल्यावर बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक निघण्याआधी पुसा.

मुलांना कधी आणि कसं सांगावं?

शाळेच्या वाटेवर दगड असेल तर सहा वर्षांचं मूल विचारतंच. ‘इथे एक मुलगी राहायची, ती ज्यू होती म्हणून तिला घरातून नेलं आणि मारलं’ एवढं पुरतं. प्रेतांचे फोटो नकोत. ‘आज तू ज्यू, तू सैनिक’ असे खेळ वर्गात कधीही घेऊ नयेत. कोणाला तरी नाझी व्हायला मजा येते आणि कोणीतरी रात्रभर झोपत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर एकच दगड घ्या, तो साफ करा, पत्ता नकाशावर शोधा, त्या वयात ती व्यक्ती कोणत्या शाळेत होती ते पाहा.

दगड सैल झाला, रंग फासला किंवा गायब झाला असेल तर?

रंग फासला असेल तर लगेच पुसू नका. फोटो काढा, घर क्रमांक लिहून घ्या, पोलिसांना कळवा, साफसफाई त्यानंतर. गायब असेल तर आधी शेजारी खोदकाम चालू आहे का पाहा. गॅस किंवा केबलच्या कामासाठी ठेकेदार दगड काढून ठेवतात आणि पालिकेच्या गोदामात तो पडून राहतो. चोरीही होते: नोव्हेंबर २०१७ मध्ये बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातून १६ दगड गेले, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्साइट्स गावातले दहाच्या दहा. दोन्हीकडे देणग्या जमून ते पुन्हा घडवले गेले. स्थानिक गटाकडे प्रत्येक दगडाचा मजकूर नोंदलेला असतो, त्यामुळे तुमच्याकडून फक्त पत्ता आणि तारीख लागते. सैल दगड पायाने आत दाबू नका, तो तिरका बसतो. तसाच ठेवून कळवा.